निद्रिस्त संगणकाचा तुटलेला संपर्क
उल्हासनगरच्या कापडपेढीत वा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील दफ्तरात दुपारच्या भोजनानंतर संगणक जागवावा आणि पडदा उजळूनही इंटरनेट मात्र नाहीसे व्हावे, याचे कारण बहुधा विजेच्या काटकसरीत असते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय नियमावलीने उपकरणांची वीज तोडण्याचा अखत्यार कार्यप्रणालीकडे सोपविला. त्यानुसार निद्राकाळी वायफाय कार्डही निजते, आणि त्याचा ड्रायव्हर सदोष असल्यास जागृतीचा हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट सदरातून, वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. काही नव्या लॅपटॉपांत हे सदर दिसत नाही. तेथे निर्मात्याकडील नवा ड्रायव्हर घालणे हाच मला खात्रीचा इलाज वाटतो. परवानगी काढल्याने बॅटरी किंचित अधिक खर्ची पडते, हे बदलापूरहून लोकलने जाणाऱ्याने ध्यानी ठेवावे.