ओटीतली भाजी आणि दसऱ्याची परसबाग

पोळा जवळ आला. मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या, धुऱ्यावर काकडी-दोडके लोंबताहेत, कपाशीच्या तासांमध्ये बरबटी लागली आहे. निंदणाहून परतताना ओटीत रोज काही ना काही घरी येतं. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीआधी दिसत नाही. तोवर बऱ्याच घरी कालवण होतं ते या ओटीतूनच.

मुगाचं आधी सांगते. सगळ्या शेंगा एकदम वाळतील म्हणून थांबू नका. काळ्या पडलेल्या दोन-तीन वेळा तोडून घ्या. झडीत सापडली की शेंगेतच दाणा उगवतो.

आता बरबटीचं. कपाशीवर या दिवसांत फवारणी चालू असते. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान 20 शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा मास्क आणि हातमोज्यांबद्दल खूप बोललं गेलं, ते बरोबरच होतं. पण त्याच तासातली बरबटी कोण तोडतं आणि कोण खातं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारायला 2005 पासून मनाई आहे, कपाशीवर मात्र ते त्यानंतरही वर्षानुवर्षं मारलं गेलं. असली काही विषं झाडाच्या आत शिरतात, शेंग धुऊन ती जात नाहीत. डब्यावर ‘इतके दिवस थांबा’ असं लिहिलेलं असतं, पण ते दिवस कपाशीसाठी मोजलेले असतात, बरबटीसाठी नाही. म्हणून फवारा बसलेल्या तासातली भाजी घरी आणूच नका. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, तिथेच फसतो!

भाजीची जागाच बदलायची, असं माझं म्हणणं आहे. कपाशीत नको, घराजवळ हवी. अर्धा गुंठा पुरतो. घर वावराला लागून असेल तर मधे शेवगा, हादगा लावा. फवारणीचा पंप किंवा विषाचा रिकामा डबा या बागेत पाणी द्यायला कधीच वापरायचा नाही. घराजवळच्या तुकड्यात मूग असेल तर काम सोपं: तोडणी झाली की झाडं कापून घ्या, मुळं जमिनीतच राहू द्या. त्या मुळांच्या गाठींमधलं नत्र पुढच्या पालेभाजीला मिळतं.

पोळा झाला की गादीवाफ्यावर वांगी, टमाटे, मिरची टाका. चार-पाच आठवड्यांत रोपं लावायला येतात. दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, सांबार, मुळा आणि एका वाफ्यात लसूण. सांबाराचे धणे चोळून दोन फाका करून पेरा. उन्हाचा चटका असेल तर उगवेपर्यंत वर गवत पसरा आणि कोंब दिसताच काढा. सगळी मेथी एकाच दिवशी पेरली तर ती एकाच आठवड्यात खायला येते, मग शेजारीपाजारी वाटत बसावं लागतं. वाफ्याचे चार भाग करून दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरा, म्हणजे संक्रांत ओलांडेपर्यंत ताटात पाला राहील. पुढे विहिरी खाली जातात. तेव्हा न्हाणीचं पाणी वांग्या-मिरचीच्या बुंध्याशी सोडा, पालेभाजीवर नको.

आणि बी आत्ताच राखा. वेलावरचा चांगला, निरोगी दोडका तोडू नका, त्याला खूण म्हणून चिंधी बांधा, नाहीतर घरातलंच कोणी तोडून आणतं! तो वाळून आत बी खुळखुळलं की काढा. भेंडी, बरबटी झाडावरच वाळू द्या, बियाण्याचं वांगं पिवळं होऊ द्या. बी सावलीत सुकवून, राख मिसळून, झाकणाच्या बाटलीत भरा. दुकानातल्या संकरित वाणाचं बी मात्र राखू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येईल याचा भरवसा नसतो.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचं मूठभर बी आणा. एकीकडे गावरान वांगं असतं, दुसरीकडे पोपटाचे वाल. चिठ्ठीवर नाव आणि बी काढल्याचा महिना लिहून पुडी बांधा.