खडकवासल्याचें बोधचिन्ह

सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याचा जलाशय लागतो. त्याच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें विस्तीर्ण आवार आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिची कोनशिला बसली. तिच्या बोधचिन्हांत तलवारी भूदलाच्या, नांगर नौदलाचा आणि गरुड वायुदलाचा. (नांगर म्हटला कीं आम्हां घाटावरच्यांस प्रथम शेत आठवतें, हा भाग निराळा!) तीनही दलांचे छात्र येथें एकत्र शिकतात, हें चित्रावरून उघड आहे. विचार करावयास लावतात ते खालील तीन शब्द: ‘सेवा परमो धर्मः’.

माझी नात या प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. २०२२ पासून तेथें मुलींसहि प्रवेश मिळूं लागला. तिनें एके दिवशीं विचारलें, “आजोबा, सेवा स्त्रीलिंगी, मग ‘परमो’ कसें?” विशेषण सेवेचें नसून धर्माचें आहे आणि पुढें धकार आल्यामुळें विसर्गाचा ओकार झाला, हें मीं सांगितलें. महाभारतांत याच घडणीचें अहिंसेविषयींचें वचन आहे. तेथें अहिंसेचें जें स्थान, तें येथें सेवेस मिळालें आहे, आणि तेंहि सैनिकी विद्यालयांत!

तिचा दुसरा प्रश्न अवघड होता. “सेवा म्हणजे चाकरीच ना? मग तुमच्या ग्रंथांत तिची निंदा कां?” मुलीचें म्हणणें खोटें नव्हतें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सेवेस कुत्र्याची वृत्ति म्हणून ब्राह्मणानें ती टाळावी असें सांगितलें आहे. भर्तृहरीनेंहि राजसेवकाची केविलवाणी स्थिति वर्णून सेवाधर्म योग्यांसहि अगम्य ठरविला. मी दोन दिवस निरुत्तर होतों.

मग ध्यानांत आलें कीं त्या दोघांची सेवा धन्याची आहे. या वचनांत षष्ठीच नाहीं. सेवा कोणाची, हें सांगितलेलेंच नाहीं. प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धांत सुदानच्या रक्षणार्थ लढतांना पडलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशानें दिलेल्या द्रव्यांतून ती उभी राहिली. ते सैनिक पगारी होते, आणि त्यांचें सरकारहि परकीय होतें. तरीहि सुदाननें त्यांस कोणाचे चाकर म्हणून स्मरलें नाहीं.

नातीस हें उत्तर पटलें. घरांत सर्वांस पटलें असें नव्हे. तिची आजी या विषयावर बोलत नाहीं. मात्र पहांटे मुलगी धावावयास निघते, त्यापूर्वीं उठून दूध तापवून देते ती आजीच.