१५ ऑक्टोबर, फिटर शॉप

पहाटे ५.३०

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. कांद्याच्या रोपाला पाणी देऊन भाऊ नुकताच घरी आलाय. कपाशीच्या वेचणीला बाया साडेसातला येतील, ते आई आणि वहिनी बघतील. मी चहा घेऊन ओट्यावर बसतो आणि विमानाच्या इंजिनाचं मॉडेल पुढ्यात ओढतो. प्लायवूडची गोल चकती, तिच्या कडेने सारख्या अंतरावर बसवलेले पीव्हीसी पाइपचे सात तुकडे, मधोमध दांडा, ज्याभोवती चकती मोकळी फिरते. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक बारका दिवा. पाचव्या नंबरचा दिवा लागत नव्हता. वायरचं टोक सुटलेलं निघालं, तिथे डाग दिला.

वैजापूरच्या आयटीआयमध्ये मी फिटरच्या मुलांना शिकवतो. आज कलाम साहेबांचा जन्मदिवस, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. आमच्या ट्रेडच्या मुलांनी काय वाचायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे असतं, आणि १५ ऑक्टोबरला मी विमानाची जुनी इंजिनंच निवडतो. त्याला कारण आहे. १९३२ साली हीच तारीख होती.

सकाळी ६.३०

डबा भरेपर्यंत ऊन अंगणात येतं. साधारण याच वेळी, त्या दिवशी, अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटेच उडाले. बरोबर टपालाच्या थैल्या. इंपीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेलं टपाल पुढे अहमदाबाद, मुंबई आणि बेल्लारीमार्गे मद्रासला न्यायचं, ही टाटांची सेवा त्या सकाळी सुरू झाली.

विमान डी हॅविलंड कंपनीचं पुस मॉथ. त्याचं जिप्सी थ्री हे इंजिन चार सिलेंडरचं, हवेने थंड होणारं, १२० अश्वशक्तीचं. आणि ते उलटं टांगलेलं: क्रँकशाफ्ट वर, सिलेंडरची डोकी खाली. त्यामुळे पंख्याचा मध्य उंच राहतो, विमानाचं नाक उतरतं होतं आणि वैमानिकाला पुढचं दिसतं. आमच्या रोटेगाव रस्त्यावर सकाळी जे पन्नास अश्वशक्तीचे ट्रॅक्टर मक्याची कणसं घेऊन निघतात, तसल्या दोन-अडीच ट्रॅक्टरांची ताकद. तेवढ्यावर माणूस कच्छचं रण ओलांडून गेला.

सकाळी ८.००

हजेरी, प्रार्थना, मग शॉप. पहिल्या वर्षाची मुलं आज चेन ड्रिलिंगवर आहेत. प्लेटवर निळा रंग लावायचा, स्क्राइबरने रेष ओढायची, रेषेच्या आतल्या, कापून टाकायच्या बाजूने सारख्या अंतरावर सेंटर पंच मारायचे आणि प्रत्येक पंचावर ड्रिल उतरवायचं. दोन भोकांच्या मध्ये मिलिमीटरभर लोखंड उरतं. ते छिन्नी-हातोड्याने तोडलं की नको असलेला तुकडा खाली पडतो. मग फाईल.

ऐकायला सोपं आहे. पण पंच जरा तिरका बसला की ड्रिल घसरतं, भोक शेजारच्या भोकात शिरतं, नाहीतर रेष खातं. रेष खाल्ली की जॉब गेला. कारण फाईलने लोखंड कमी करता येतं, भरता येत नाही.

एका मुलाच्या प्लेटवर मी भिंग धरतो. सहावं भोक रेषेला टेकलंय.

"सर, फाईल मारल्यावर नाही दिसणार."

"तुला नाही दिसणार. व्हर्निअरला दिसेल."

तो हसतो, पण सातव्या पंचाला दोनदा गुण्या लावून बघतो.

या जॉबच्या दिवशी मी चार्ली टेलरचं नाव काढतोच. राइट बंधूंच्या डेटनच्या सायकल दुकानातला हा कारागीर. १९०३ च्या विमानासाठी हवं तितकं हलकं इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा ते दुकानातच करायचं ठरलं. टेलरकडे लेथ होतं, ड्रिल प्रेस होतं आणि हात होते. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाची एक पाटी घेतली: ३१ इंच लांब, ६ इंच रुंद, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच जाड. तिच्यावर क्रँकचा आकार आखला, रेषेच्या कडेने भोकं पाडली, छिन्नीने फालतू भाग उडवला आणि उरलेलं लेथवर चढवलं.

मुलं माना वर करतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, "म्हणजे हेच की सर, चेन ड्रिलिंग!"

हेच. इथे मी खडू त्यांच्या हातात देतो. घनफळ काढा, पोलादाच्या घनतेने गुणा. उत्तर ३९ किलोच्या आसपास येतं. टेलरचा तयार क्रँकशाफ्ट भरला १९ पौंड, म्हणजे साडेआठ किलो. तीस किलो पोलाद त्या माणसाने कापून, कोरून, कातून काढलं. सहा आठवड्यांत इंजिन चाललं. मग एका चाचणीत बेअरिंग जाम होऊन त्याची ॲल्युमिनियमची केस फुटली, ती पुन्हा ओतून घ्यावी लागली. १७ डिसेंबर १९०३ ला जे विमान उडालं, त्याच्या इंजिनाची ताकद होती १२ अश्वशक्ती.

राइट बंधूंचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, टेलरचं फार थोड्या ठिकाणी सापडतं. फिटरच्या मुलाला ते माहीत असलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. तो जे काम कंटाळत करतो, तेच काम विमानाच्या जन्माच्या मुळाशी आहे हे कळल्यावर त्याच्या हातातली फाईल वेगळी चालते. हे मी रोज बघतो.

सकाळी ११.००

वाचन. सगळे ट्रेड सभागृहात. आमचा एक मुलगा उभा राहून वाचतो. मजकूर मी मराठीत लिहून दिलेला, कारण या विषयावर त्यांच्या हाती द्यावं असं मराठीत फार थोडं आहे. आजचा उतारा नोम इंजिनावर, शेवटी टाटांच्या उड्डाणावर.

टेलरचं इंजिन ८० किलोच्या घरातलं, ताकद १२. पाच-सहा वर्षांत फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी नोम ओमेगा काढलं: वजन ७५ किलोच्या आसपास, ताकद ५०. एवढी उडी कशी मारली? त्यांनी क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बांधला आणि सातही सिलेंडर पंख्यासकट त्याच्याभोवती फिरवले. सिलेंडर स्वतःच हवेत गरगरतात, म्हणून पाणी नको, रेडिएटर नको. फिरणारा गोळा इतका जड की वेगळं फ्लायव्हील नको. सिलेंडर अखंड पोलादातून कातून काढलेले, त्यांच्या भिंती दीड मिलिमीटरच्या.

हा आकडा ऐकून आमचे टर्नरचे सहकारी माझ्याकडे बघतात. दीड मिलिमीटर, आजच्या मापयंत्रांशिवाय.

वाचन चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष जातं. एव्हाना हिशेबाने टाटा अहमदाबादला उतरून गेलेले. तिथे पेट्रोल आलं होतं बैलगाडीतून, बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांत. सभागृहातल्या बहुतेक मुलांच्या घरी आजही बैल आहेत. उताऱ्यातलं बैलगाडीचं वाक्य वाचणाऱ्याने दोनदा वाचलं, मी सांगितलं नव्हतं.

दुपारी १२.३०

डबे. बाजरीची भाकरी, ठेचा, मटकी. एक जण विचारतो, "सर, अशी विमानं आता आपल्या देशात आहेत का कुठे?"

आहेत. दिल्लीत पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात वापिटी आहे. १ एप्रिल १९३३ ला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी कराचीत उभी राहिली ती याच जातीच्या चार विमानांवर. आणि बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात डीएच-९ आहे. पहिल्या महायुद्धानंतर उरलेली ही विमानं ब्रिटिशांनी संस्थानिकांना दिली होती. त्यांपैकी काहींचे सांगाडे बिकानेरला हत्तीखान्यात पडून होते, लाकूड वाळवीने खाल्लेलं. ते इंग्लंडमधल्या लोकांनी नेले, वर्षानुवर्षं खपून जोडले, आणि त्यातलं एक २०१९ मध्ये डक्सफर्डला पुन्हा उडालं.

मुलं खूश होतात. मला मात्र दरवेळी वाईट वाटतं. ते काम इथे व्हायला हवं होतं. सुतारकाम, पत्र्याचं काम, कापड ताणून शिवणं, जुनं इंजिन खोलून बुश बसवणं, यातलं काय आपल्याकडे नाही? वैजापूरच्या बसस्टँडमागे चाळीस वर्षांपूर्वीचं पंपाचं इंजिन चालू करून देणारे लोक बसतात.

दुपारी १.५०

थिअरीचा तास. धडा हीट ट्रीटमेंटचा. फळ्यावर तारखेखाली मी वेळ लिहितो: याच सुमारास पुस मॉथ जुहूच्या मैदानावर उतरलं. पुढचं टपाल टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उचललं, बेल्लारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं.

वैजापूर त्या मार्गावर नव्हतं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. जुहूला उतरलेलं पत्र इकडे यायचं तर रेल्वेने मनमाड, तिथून निजामाच्या मीटरगेजने रोटेगाव.

मग धडा. दात कापून झाले म्हणजे गिअर झाला नाही, तो नीट कडक करावा लागतो. पाणी कमी-जास्त झालं की दात झिजतो नाहीतर तुटतो. याचं माझ्याकडचं उदाहरण १९१८ चं आहे. सॉपविथ डॉल्फिन या लढाऊ विमानात हिस्पानो-सुइझाचं आठ सिलेंडरचं गिअरवालं इंजिन होतं. त्यातल्या काही इंजिनांचे गिअर नीट कडक केलेले नव्हते. ते चालत्या विमानात निकामी व्हायचे आणि माणसं संकटात यायची. याच डॉल्फिनवर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक झालेल्या चार भारतीयांपैकी एक. २७ जून १९१८ ला गस्तीवर गेले ते परतले नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला गेले. फ्रान्समध्ये हंगार इथे त्यांची कबर आहे. ते लढाईत पडले, गिअरमुळे नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगतो. पण ज्या विमानात माणूस बसतो त्याचा प्रत्येक दात कुणीतरी भट्टीतून काढलेला असतो, हेही सांगतो. वर्गात नंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. वेलिणकर हे नाव त्यांना आपलं वाटलं असावं.

दुपारी ३.००

आता नोमचं मॉडेल. बाक मोकळा केला, सगळे भोवती उभे.

दांडा बाकाला पक्का, चकती हाताने फिरवायची. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटणार. चकती हळू फिरते, वरच्या ठरावीक जागी आलेला दिवा लागतो. मुलं मोठ्याने नंबर म्हणतात: एक. दोन नंबर नुसताच निघून जातो. तीन. पाच. सात. पहिली फेरी संपली आणि एक नंबर यावेळी न पेटता गेला. दोन. चार. सहा. मग पुन्हा एक.

"सात का सर? आठ का नाही?"

"तूच फिरवून बघ मनात. एक सोडून एक पेटवायचे आहेत."

तो बोटं मोजतो. एक, तीन, पाच, सात; पुढचा एक सोडून एक म्हणजे परत एकच आला. दोनला आणायचं तर मध्ये दोन सोडावे लागतील, ठोका चुकेल, इंजिन हादरेल. विषम संख्या असली की क्रम आपोआप जुळतो. त्याच्या तोंडावर ते उमटलेलं मला दिसतं. पाच नंबरचा दिवाही आज लागतोय.

या इंजिनाची खोडही दाखवतो. दांडा बाकावरून सोडवून, चकती वेगात फिरवून मॉडेल उचलायला सांगितलं, तर हात एकीकडे वळवावा आणि ते दुसरीकडेच ओढतं. अशाच फिरत्या इंजिनाच्या सॉपविथ कॅमल विमानाचे वैमानिक याच ओढीशी झगडायचे. नोमला वेग कमी-जास्त करायची धड सोय नव्हती. उतरताना बटण दाबून ठिणगी तोडायची, सोडायची, पुन्हा तोडायची.

संध्याकाळी ५.३०

घरी जाताना घाण्यावर थांबून पावशेर एरंडेल घेतो. उद्याच्या तासाला हवं.

नोममध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून आधी क्रँककेसमध्ये यायचं आणि मग सिलेंडरमध्ये. खनिज तेल असतं तर ते पेट्रोलने धुऊन निघालं असतं. एरंडेल त्या काळच्या पेट्रोलमध्ये सहज मिसळत नसे आणि तापलेल्या धातूला चिकटून राही. वापरलेलं तेल परत यायची सोयच नाही, ते धुरासोबत बाहेर, वैमानिकाच्या तोंडावर. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यात एरंडेल बऱ्यापैकी मिसळतं, म्हणून हा प्रयोग बाटलीत जमत नाही. मी मुलांच्या बोटांवर एक-एक थेंब देतो, एकावर एरंडेल, दुसऱ्यावर इंजिन ऑइल, आणि घासायला लावतो. फरक चामडीला कळतो.

युद्धात एरंडेलाची मागणी इतकी वाढली की १९१८ मध्ये अमेरिकेने भारतातून बी नेऊन फ्लोरिडात एरंड पेरला. आपलं हैदराबाद संस्थान तर एरंडासाठीच नावाजलेलं. बांधावरचा एरंड मुलं सरपणाला तोडतात. उद्या शॉपमध्ये एक फांदी बोंडांसकट आणायला सांगितलीय.

रात्री ९.००

जेवण झालं, वेचलेल्या कापसाचा हिशेब भावाने वहीत घातला. मी जॉबचे मार्क भरतोय. फोनवर त्या बोटं मोजणाऱ्या मुलाचा मेसेज आहे. मी जाताना सांगितलं होतं की ल रोन इंजिनाला नऊ सिलेंडर होते, त्यांचा क्रम काढून आण. त्याने पाठवलाय: १, ३, ५, ७, ९, २, ४, ६, ८. खाली विचारलंय, सर, नोमचे सिलेंडर दोन रांगांत चौदा केले तर?

केलेले आहेत, फ्रान्समध्येच. कागदावर काढून आण, असं कळवतो. आधी चेन ड्रिलिंगचा जॉब पुरा कर म्हणावं. त्याची दोन भोकं अजून राहिलीत.