टायमिंग बदलणारे इंजिन : आधी निदान, मग पार्ट

मागे आमच्या एका जुन्या गाडीचा पिवळा चेक लाइट लागला. सिग्नलला गाडी थरथरायची, चढावर पिकअप मिळत नसे. एका गॅरेजमध्ये नेली. मशीन लावून पाहिले आणि व्हॉल्व्ह टायमिंगचा सोलेनॉइड बदलला. चार दिवसांनी लाइट पुन्हा लागला. मग सेन्सर बदलला. लाइट तिसऱ्यांदा लागला तेव्हा "इंजिन उघडावे लागेल" असे सांगण्यात आले. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मेस्त्रींनी काही न उघडता डिपस्टिक बाहेर काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते आणि डांबरासारखे काळे झाले होते. ऑइल व फिल्टर बदलला, एक छोटी जाळी साफ केली आणि गाडी ठीक झाली. आधीच्या दोन पार्टांचे पैसे मात्र वाया गेले.

असा अनुभव अनेकांना येतो. त्यात गॅरेजवाल्यांची लबाडीच असते असे नाही. बहुतेक वेळा माहिती अपुरी असते. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत. गॅरेज चालवणाऱ्यांना आणि जुनी गाडी वापरणाऱ्यांना, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

ही व्यवस्था काय आहे?

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे कायमचे ठरलेले असे. गाडी उभी असो वा पळत असो, टायमिंग एकच. पण कमी वेगात इंजिनाला जे टायमिंग मानवते, ते जास्त वेगात मानवत नाही. यावर उपाय म्हणून चालत्या इंजिनात टायमिंग बदलण्याची युक्ती निघाली. बाजारातील गाडीत ती प्रथम १९८० साली अल्फा रोमिओने आणली. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणले आणि १९९० च्या दशकात टोयोटाने व्हीव्हीटी-आय आणले.

उदाहरणासाठी टोयोटा कोरोलाचे १.८ लिटरचे इंजिन घेऊ. ही गाडी आपल्याकडे २००३ साली आली आणि आखातातही ती मोठ्या संख्येने धावली. या इंजिनात इनटेक कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या चेनच्या चक्रात ऑइलचे छोटे कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात ऑइल भरले की कॅमशाफ्ट थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरले की मागे येतो. ऑइल कोणत्या बाजूला सोडायचे हे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम गाडीचा कॉम्प्युटर देतो. कॅमशाफ्ट खरोखर किती सरकला, हे कॅम व क्रँकचे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतात.

म्हणजे हुकूम विजेचा असला तरी काम ऑइलच्या दाबाने होते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की अर्धे निदान झाले.

लक्षणे कशी ओळखावीत?

टायमिंग पुढे सरकून तिथेच अडकले, तर आयडलिंगला गाडी थरथरते किंवा बंद पडते. मागे अडकले, तर गाडी सुरू नीट होते, पण ओढ कमी पडते आणि अ‍ॅव्हरेज घटते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड होऊन आवाज थांबत असेल, तर चक्रातील लॉकची पिन झिजल्याचा किंवा चेनला ताण देणारा टेन्शनर सैल झाल्याचा संशय घ्यावा.

तपासणीचा क्रम

स्वस्तापासून महागाकडे जावे, हा या कामाचा नियम आहे.

पहिले काम ऑइल पाहण्याचे. पातळी किती, ऑइल किती जुने आणि कोणत्या ग्रेडचे, हे विचारावे. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका" ही आपल्याकडची जुनी सवय. पण ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या बारीक वाटांतून थंडीत २०डब्ल्यू-५० वेळेवर पोहोचत नाही. शिवाय या घराण्याची सुरुवातीची बरीच इंजिने ऑइल खातात, कारण पिस्टनमधील ऑइल परतण्याची भोके कार्बनने बुजतात. इंजिनात सारे मिळून पावणेचार लिटरच्या आसपास ऑइल बसते. त्यातले लिटरभर कमी झाले तरी फरक पडतो. म्हणून दोन सर्व्हिसिंगच्या मधेही पातळी पाहावी.

दुसरे काम कोड वाचण्याचे. पी ००१० म्हणजे व्हॉल्व्हच्या वायरिंगचा दोष. पी ००११ म्हणजे टायमिंग हवे त्यापेक्षा पुढे, पी ००१२ म्हणजे मागे. पी ००१६ म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही. जुन्या टोयोटांत पी १३४९ हा कोडही येतो. मात्र कोड दुखणे कुठे आहे ते सांगतो, कशामुळे आहे ते सांगत नाही. पी ००११ दिसला म्हणून लगेच व्हॉल्व्ह बदलणे ही घाई होय.

तिसरे काम मल्टिमीटरचे. व्हॉल्व्हचा सॉकेट काढून दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजावा. या इंजिनात २० अंश सेल्सिअसला तो ६.९ ते ७.९ ओहम असायला हवा. इंजिन गरम असेल तर आकडा थोडा वर जातो, त्याने घाबरू नये.

चौथी परीक्षा सर्वांत मोलाची. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवावे आणि व्हॉल्व्हचा सॉकेट काढावा. थरथर तशीच राहिली, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याची शक्यता आहे. आयडलिंग नीट असेल, तर व्हॉल्व्हच्या पिनांना (गाडीच्या वायरिंगला नव्हे) बॅटरीचा १२ व्होल्ट करंट थोडाच वेळ द्यावा. इंजिन थरथरले किंवा बंद पडले, तर आनंद मानावा. कारण व्हॉल्व्ह, ऑइलची वाट आणि चक्र तिन्ही काम करत आहेत. मग दोष वायरिंग, सेन्सर किंवा चेनमध्ये शोधावा. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याला करंट देऊन पाहावा. आतला दांडा सरकला तर व्हॉल्व्ह चांगला आहे. अडथळा पुढे आहे.

पाचवे काम जाळीचे. हेडमध्ये एका बोल्टखाली या व्यवस्थेची छोटी जाळी असते. अनेकांना ती ठाऊकच नसते. ती गाळाने भरली की ऑइल अडते. साफ करून परत बसवावी. फाटली असेल तर नवी घालावी.

एवढे करूनही दोष राहिला, तरच चेन लांबली आहे का आणि चक्र झिजले आहे का हे पाहण्यासाठी इंजिन उघडावे. विशेषतः पी ००१६ पुन्हा पुन्हा येत असेल, तर चेनकडे दुर्लक्ष करू नये. चेनने दात सोडला तर मोठा खर्च उभा राहतो.

व्यवहाराची बाजू

गॅरेजवाल्या बांधवांना आम्ही एवढेच सुचवू, की तपासणीचे पैसे वेगळे आणि उघडपणे घ्यावेत. आपण तपासणी फुकट करतो आणि कमाई पार्टावर काढतो, म्हणून नको तो पार्ट बदलण्याचा मोह होतो. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. गिऱ्हाइकानेही अर्धा तास तपासणीला लागला, तर त्याचे पैसे देताना कुरकुर करू नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती थंड इंजिनावर, स्वतःसमोर सुरू करून घ्यावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे. पहिल्या दोन सेकंदांचा आवाज ऐकावा, डिपस्टिक पाहावी आणि मगच भावाची गोष्ट काढावी.