पूर्वजांना घरी आणायचं, पण खर्च कोणाचा?

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मुलांना नेलं की ती दोन ठिकाणी हमखास रेंगाळतात. एक देवमाशाचा सांगाडा आणि दुसरी इजिप्तची ममी. ही ममी सयाजीराव महाराजांनी १८९५ मध्ये न्यूयॉर्कहून विकत आणली. बडोद्यातल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी पाहिलेली असते आणि 'वस्तू' म्हणूनच पाहिलेली असते. ते एकेकाळी चालतंबोलतं माणूस होतं, हे लक्षात यायला बराच वेळ जातो.

जगभरच्या संग्रहालयांत अशी माणसं हजारोंनी आहेत. त्यांतली कित्येक कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या आदिवासी समाजांची आहेत आणि त्यांचे वंशज आज 'आमची माणसं परत द्या' म्हणून मागणी करत आहेत. परत द्यावं की नाही, यावर पुष्कळ लिहिलं जातं. 'देतो' असं संग्रहालयाने म्हटल्यावर पुढे काय होतं, आणि पैसे कोण भरतं, हे फारसं सांगितलं जात नाही. हे टिपण त्याबद्दल आहे.

आधी खर्च कशाकशाचा येतो ते पाहू. पहिला खर्च शोधाचा. जुन्या नोंदवह्या, पत्रव्यवहार, कवट्यांवर शाईने घातलेले आकडे हे सगळं ताडून कोण कुठल्या गावचं ते ठरवावं लागतं. मग जाणती माणसं संग्रहालयात जाऊन पाहणार, बोलणी करणार. त्यानंतर पेट्या, विमान, परवाने, आणि शेवटी घरी पोचल्यावर जागा, विधी आणि गावजेवण. आपल्याकडे अस्थी घेऊन नाशिकला किंवा चाणोदला गेलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. प्रवासाचं तिकीट हा त्यातला सगळ्यात छोटा भाग असतो.

हायडा लोकांचं उदाहरण यात फार बोलकं आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळची हायडा ग्वाई ही बेटं म्हणजे त्यांचं घर. १८६२ च्या देवीच्या साथीनंतर गावंच्या गावं ओस पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे मिळून जेमतेम सहाशे लोक उरले होते. राखणारं कोणी नाही हे पाहून संग्राहकांनी तिथली दफनं उघडली. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी जॉर्ज डॉर्सी आणि चार्ल्स न्यूकम यांनी ही हाडं गोळा केली, तेव्हा त्यांच्या मोहिमांचा खर्च संग्रहालयाने केला होता.

शंभर वर्षांनी उलटा प्रवास सुरू झाला, तेव्हा खर्चाचा मोठा भार हायडांवर आला. १९९० च्या दशकात स्किडगेट आणि ओल्ड मॅसेट या दोन गावांनी समित्या केल्या. त्यांनी जेवणं ठेवली, सोडतीची तिकिटं आणि टी-शर्ट विकले, कलाकारांनी दिलेल्या वस्तूंचे लिलाव केले. शाळेतल्या मुलांनी पेट्या रंगवल्या. बायकांनी आणि मुलांनी प्रत्येक पूर्वजासाठी बटणांची नक्षी असलेली घोंगडी शिवली. २००२ मध्ये न्यूयॉर्कहून ४८ आणि २००३ मध्ये शिकागोहून सुमारे १६० पूर्वज घरी आले. एकूण आकडा ४६० च्या वर गेला. देणग्या आणि फुकट केलेलं काम धरून खर्च दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. चार-पाच हजारांच्या समाजाने हे उभं केलं!

अमेरिकेत यासाठी सरकारी मदत नव्हती का? होती, पण ती हायडा ग्वाईच्या लोकांसाठी नव्हती. १९९० मध्ये अमेरिकेने मूळनिवासींची दफनं आणि अवशेष परत करण्याचा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'नॅग्प्रा' म्हणतात. त्याखाली राष्ट्रीय उद्यान विभाग जमातींना आणि संग्रहालयांना दोन प्रकारचं अनुदान देतो. पहिलं नोंदी तपासण्यासाठी आणि सल्लामसलतीसाठी, दुसरं प्रत्यक्ष परत नेण्यासाठी. दुसऱ्याची कमाल मर्यादा अलीकडच्या वर्षांत २५ हजार डॉलर आहे. पण हे अनुदान अमेरिकन सरकारने मान्य केलेल्या जमातींपुरतं आहे. कॅनडातले हायडा त्यात बसत नव्हते. हाडं सीमा ओलांडून गेली होती, अनुदान मात्र सीमेपाशीच थांबलं.

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. २००३ पासून तिथल्या सरकारने ही जबाबदारी वेलिंग्टनच्या 'ते पापा' या राष्ट्रीय संग्रहालयाकडे दिली आणि तिच्यासाठी कायमचा निधी ठेवला. संशोधन, बोलणी, प्रवास हे सगळं त्यातून होतं. म्हणजे एखाद्या छोट्या माओरी समूहाला आधी वर्गणी काढावी लागत नाही. त्यांचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. परत आणण्याचा खर्च करायचा, पण पूर्वजाची किंमत म्हणून परदेशी संस्थेला एक पैसाही द्यायचा नाही.

हा नियम का, ते होरेशिओ रोब्लीच्या गोष्टीवरून कळतं. या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने गोंदलेली माओरी मस्तकं जमवली होती. त्यांना 'तोई मोको' म्हणतात. न्यूझीलंड सरकारने ती घ्यायला नकार दिल्यावर त्याने बहुतेक मस्तकं न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला १,२५० पौंडांना विकली. २०१४ मध्ये ती परत आली. त्यांची एकदा खरेदी झाली होती. पुन्हा किंमत मोजली असती, तर ती विकाऊ वस्तू होती हेच कबूल केल्यासारखं झालं असतं.

आता आपल्या देशाकडे वळू. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये नागा लोकांचे दोनशेहून अधिक मानवी अवशेष आहेत. २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले, त्यानंतर नागा प्रतिनिधींशी बोलणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला आली होती. तीव्र विरोध झाल्यावर ती मागे घेतली गेली. जून २०२५ मध्ये नागा शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आलं.

इथे एक असा खर्च येतो, जो कुठल्याच अर्जात नीट बसत नाही. आज बहुतेक नागा ख्रिस्ती आहेत. मग पूर्वजांना निरोप द्यायचा तो कुठल्या पद्धतीने? कुठल्या गावी? हे ठरवायला गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं. ते काम सुरू आहे, लोकांना विषय समजावा म्हणून चित्रकथेचं पुस्तकही काढलं गेलं. विमानाचं भाडं एखादी संस्था एका दिवसात मंजूर करील. पाच वर्षं चालणाऱ्या गप्पांना पैसे देणारे थोडे.

पैशाचा प्रश्न दुय्यम वाटतो, पण कोण आधी घरी येणार आणि कोण फडताळातच राहणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. संग्रहालय 'परत द्यायला तयार आहोत' म्हणून मोकळं होतं, आणि ज्यांच्याकडे वर्गणी जमत नाही त्यांची माणसं आणखी वीस वर्षं तिथेच राहतात. नेताना ज्यांनी खर्च केला, त्यांनी आणतानाही करावा, हे मागणं अवाजवी म्हणता येणार नाही.

आपल्या मंडळींनी करण्यासारखं एक छोटं काम आहे. आपल्या गावच्या संग्रहालयांच्या याद्या आपण करतो, तेव्हा 'वस्तू' आणि 'काळ' या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने घालावेत: 'कोणाकडून आली' आणि 'पैसे कोणी दिले'. सुरुवात ममीपासून करायला हरकत नाही.