धावपटूंची टाचदुखी आणि वातकंटक

वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन डिसेंबरात, म्हणजे हेमंतात होत आली आहे. सराव मात्र वर्षा ऋतूतच सुरू होतो. ज्या काळात शास्त्राने व्यायाम वर्ज्य सांगितला, त्याच काळात पापडखिंड धरणाच्या वाटेवर धावणारे आमच्या फुलपाड्यातील चिकित्सालयात टाचदुखी घेऊन येतात. सकाळी पहिले पाऊल टेकवत नाही; थोडे चालल्यावर बरे वाटते, म्हणून धावणे थांबत नाही.

सुश्रुतांनी वातकंटकाचे कारण विषम पादन्यास दिले. वाग्भटांनी त्यात श्रमाची भर घातली. झिजलेला जोडा आणि एकाएकी वाढविलेले अंतर ही त्याचीच आजची रूपे होत. स्नेहन, स्वेदन, अग्निकर्म वैद्यांना ज्ञातच आहे. परंतु निदानपरिवर्जनावाचून ते व्यर्थ. कपाळी व काखेत घाम येऊन तोंडाने श्वास सुरू झाला, की अर्धशक्ती संपली, तेथेच थांबवावे.

एका तरुणास आम्ही तीन आठवडे तैलाभ्यंगावरच ठेवले. त्याची वेदना धावताना वाढत असे. टाच दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली तेव्हा तो कळवळला. तपासणीत अस्थीला सूक्ष्म भंग निघाला. ही परीक्षा पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. औषधविक्रेत्या बंधूंनीही शर्यतीसाठी वेदनाशामक मागणाऱ्यास प्रथम टाच दाखवून येण्यास सांगावे.