थंडीच्या पहाटे इंजिन का रुसते?



आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल कुटुंबांच्या वस्त्या आहेत. पावसावरचे पीक निघाले की ज्याच्या शेताजवळ नाला किंवा विहीर आहे, तो गहू-हरभरा पेरतो. वीज नसते किंवा अवेळी येते, म्हणून पाणी उचलायला दोरी ओढून सुरू होणारे लहान पेट्रोल-रॉकेल इंजिन वापरले जाते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नेमके हेच इंजिन रुसून बसते.

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी दिले तरी घट भरून निघत नाही. हरभऱ्यालाही फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना पाणी हवे असते. त्यामुळे दोन दिवस बंद पडलेले इंजिन म्हणजे घरातले काही पोती धान्य. अनेकदा इंजिनात बिघाड काहीच नसतो, फक्त चोक नीट वापरलेला नसतो.

चोक म्हणजे काय?

पेट्रोल पातळ रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन गरम असताना वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा लागते. हे मिश्रण करण्याचे काम कार्बोरेटर करतो. पण थंड इंजिनात पेट्रोलचा हलका अंशच वाफ होतो आणि बाकीचे थेंब होऊन लोखंडाला चिकटून राहते. कार्बोरेटरने योग्य मिश्रण दिले तरी प्लगच्या ठिणगीपर्यंत पोचते ते फारच विरळ.

यावरचा उपाय म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची एक छोटी गोल झडप. तिलाच चोक म्हणतात. ती बंद केली की हवा अडते, आतली ओढ वाढते आणि जेटमधून जास्त पेट्रोल खेचले जाते. जास्त पेट्रोलमधून पुरेशी वाफ मिळते आणि इंजिन पेट घेते. बोलताना गोंधळ नको म्हणून लक्षात ठेवू: चोक लावणे म्हणजे झडप बंद करणे, चोक काढणे म्हणजे झडप उघडणे.

हेच तंत्र कोकणातल्या होडीच्या मागे लावलेल्या पेट्रोल इंजिनात असते आणि पुराच्या वेळी बचाव पथके आणतात त्या रबरी होड्यांच्या अनेक इंजिनांतही असते. पंप असो की होडी, थंड इंजिनाची गरज एकच.

सुरू करण्याची पद्धत

१. इंजिनातील तेल पाहा. पंपात पाणी भरा, कारण कोरडा पंप फिरला तर त्याचे सील जळते.
२. पेट्रोलचा कॉक उघडा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरेल.
३. चोक पूर्ण लावा आणि रेस थोडी, साधारण एक तृतीयांश, उघडी ठेवा.
४. दोरी आधी हळू ओढा. जड लागली की तिथून एका दमात ओढा.
५. इंजिन एकदा ‘फट्’ करून थांबले तर पेट्रोल पोचले असे समजा. आता चोक अर्धा काढून पुन्हा ओढा.
६. सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांत चोक हळूहळू पूर्ण काढा. इंजिन अडखळले तर किंचित परत लावा.

गरम इंजिनाला चोक लावू नये. चोक लावूनच इंजिन चालवत राहिले तर काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. मग रिंगा लवकर झिजतात.

पाच-सहा वेळा ओढूनही सुरू झाले नाही आणि पेट्रोलचा वास आला तर आणखी चोक लावून उपयोग नाही. प्लग भिजलेला आहे. कॉक बंद करा, चोक काढा, रेस पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा दोरी ओढा. तरीही जमले नाही तर प्लग काढून पुसा आणि वाळवून बसवा. कार्बोरेटरच्या तोंडात झाकणाने पेट्रोल ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडलीच पाहिजे. इंजिनाने उलटी फट् मारली तर ज्वाळा थेट हातावर आणि तोंडावर येते.

सकाळची तयारी आदल्या संध्याकाळी

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही वाफ देते. रॉकेलला मात्र पेट घेण्याइतकी वाफ द्यायला साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते. रॉकेलवर चालू असतानाच इंजिन बंद केले तर वाटीत रॉकेल उरते आणि सकाळी चोक कितीही लावला तरी प्लगला रॉकेलच मिळते. म्हणून बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवा, दोन-तीन मिनिटे चालवा आणि मगच थांबवा. विसरले असेल तर वाटीखालचा स्क्रू सैल करून रॉकेल काढून टाका.

रेशनचे रॉकेल जवळजवळ मिळेनासे झाल्याने अनेक जण नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालवतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेले पेट्रोल हिवाळ्यात वापरू नये. हंगाम संपला की टाकी आणि वाटी दोन्ही रिकाम्या करून ठेवाव्यात.

चोक जुळवणे

एअर फिल्टर काढून डोळ्यांनी पाहा. चोक लावल्यावर झडप पूर्ण बंद झाली पाहिजे आणि काढल्यावर हवेच्या वाटेत अगदी सरळ उभी राहिली पाहिजे. तार असलेल्या इंजिनात हे बिघडते, कारण तार कालांतराने ताणली जाते. अशा वेळी तारेचा स्क्रू सैल करा, मूठ ‘चोक काढला’ या जागी ठेवा, झडप हाताने पूर्ण उघडी धरा, तारेला किंचित ढील ठेवा आणि स्क्रू आवळा. मग मूठ ओढून झडप पूर्ण बंद होते का ते तपासा. झडपेत एखादे बारीक छिद्र दिसले तर बुजवू नका, ते मुद्दाम ठेवलेले असते. शेजारचे मिश्रणाचे आणि रेसचे स्क्रू चोकच्या दुरुस्तीत फिरवायची गरज नाही.

जिवाची गोष्ट

जमिनीवर ठेवलेला पंप प्रत्यक्षात सहा-सात मीटर खोलीपर्यंतचेच पाणी ओढतो. पाणी त्याखाली गेले की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. असे कधीही करू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि चोक लावलेला असताना तो फार वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते, पाय गळतात आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. कोणी आत पडले तर मागोमाग उतरू नका. माणसे गोळा करा आणि १०८ ला फोन करा.

पाणी खोल असेल तर सौर पंप हा सुरक्षित मार्ग आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच रक्कम भरावी लागते. अर्ज भरून देण्यात, सातबारा आणि जातीचा दाखला जमवण्यात आपल्यापैकी लिहिता-वाचता येणारे कोणीही मदत करू शकतात.

आणि कोणा कुटुंबाला इंजिन भेट द्यायचे मनात असेल तर सोबत एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि स्वच्छ गाळणी जरूर द्या. घरातल्या बाईमाणसांसह सर्वांना एक तास बसवून चोक लावायला आणि काढायला शिकवा. कर्ता माणूस मजुरीसाठी बाहेरगावी गेलेला असतो, तेव्हा पहाटे पाणी सोडण्याची पाळी बहुधा घरच्या बाईवरच येते.